‘मला’ नसलेली प्रार्थना

समुद्राकाठच्या एका वाडीत फिलू नावाची मुलगी राहायची. तिच्या वाट्याला रोज एक तांब्या पाणी यायचं, आणि त्यातलं अर्धंच ती प्यायची. उरलेलं कुणाला द्यायची, ते सांगते.

गेल्या साली समुद्राने उधाणात बांध फोडला आणि वाडीतल्या साऱ्या विहिरी खाऱ्या करून टाकल्या. केशरी अबोली जळाली, लालचुटूक जास्वंद जळाली, फिलूच्या बाबाचा मोगऱ्याचा मळा करपून गेला. गोड पाणी उरलं ते फक्त चर्चच्या विहिरीला. घरटी एक हंडा मिळायचा, आणि शेजारचा बस्त्यांव काका रांग मोडून फिलूच्या पुढे घुसायचा. फिलूला आई नव्हती. आता सोमवारी बाबाही बोटीवर कामाला निघणार होता, चांगला दोन वर्षांसाठी.

“बाबा, मोगरा फुलला तर राहशील?”

“फुलला तर कशाला जातोय गं बाय?” बाबा म्हणाला, आणि तोंड फिरवून त्याने डोळे पुसले.

त्या करपलेल्या मळ्यात एकच रोपटं अजून हिरवं होतं, टीचभर. फिलूचा अर्धा तांब्या त्याचा. रविवारी पहाटे तिने पाणी घातलं मात्र, त्याची एकुलती एक कळी अलगद उमलली. आत इवलीशी परी! पंख दवाचे, झगा शुभ्र पाकळीचा, केसांत चमचम चांदणं. फिलूच्या हातून तांब्याच निसटला.

“भिऊ नकोस गं,” परी म्हणाली. तिच्या चिमुकल्या ओंजळीत गोड पाण्याचा एक थेंब लुकलुकत होता. “एक इच्छा माग. पण नियम ऐक. ‘मला’ म्हणून मागितलंस, तर थेंब तुझ्या विहिरीत पडेल आणि ती गोड होईल. ‘आम्हांला’ म्हटलंस, तर तो साऱ्या गावात वाटावा लागेल. मग कुणाला किती पुरेल, ते मीही सांगू शकत नाही.”

आपली विहीर गोड! मोगरा फुलेल, बाबा राहील! फिलूने डोळे मिटून हात जोडले. पण हात जोडले की तिच्या ओठांवर एकच प्रार्थना यायची, आई शिकवून गेलेली, स्वर्गातल्या बापाला हाक मारणारी. आणि त्या अख्ख्या प्रार्थनेत ‘मला’ हा शब्दच नाही! फिलूने पुन्हा पुन्हा शोधला. सगळीकडे आपलं आम्ही, आमचं, आम्हांला.

“त्या ‘आम्हां’त बस्त्यांव काकापण येतो?” तिने रडवेलं होऊन विचारलं.

“येतो बाई.”

फिलूने पुन्हा डोळे मिटले. “मग… आम्हांला दे.”

परीने थेंब हवेत उधळला. त्याचे शंभर थेंब झाले, निळे, गुलाबी, सोनेरी, आणि एकेका विहिरीत एकेक उतरला. एकही कमी पडला नाही! विहिरी गोड पाण्याने काठोकाठ भरल्या, करपलेल्या फांद्यांना पोपटी पानं फुटली, आणि बघता बघता सारा मळा कळ्यांनी पांढरा झाला. फिलू श्वास रोखून बघत राहिली.

“एवढं कुठून गं आणलंस?”

“मी कुठली आणते? मी नुसती पोचवते. देणारा तो स्वर्गातला बाप.” परीचा आवाज हळुवार झाला. “फिलू, एवढ्या खाऱ्या मातीत अर्ध्या तांब्यावर रोप जगतं का? रोज पहाटे, तू उठायच्या आधी, दुसरा अर्धा तोच घालत होता.”

फिलूच्या अंगावर काटा आला. इतके दिवस तिला वाटायचं, आई गेली, बाबाही चालला, आपल्याला कुणी नाही. आणि तो तर रोज तिच्याही आधी मळ्यात येऊन जात होता! तिचे डोळे घळाघळा वाहू लागले.

इतक्यात चर्चची घंटा वाजली. परी सोनेरी झाली, मग लख्ख पांढरी, आणि उजेडात उजेड होऊन दिसेनाशी झाली.

सोमवारी बोट गेली. बाबा मात्र मळ्यात कळ्या खुडत होता, आणि कुंपणापलीकडून बस्त्यांव काका ओशाळून टोपली धरायला आला होता. फिलू विहिरीच्या काठावर बसली, आणि कित्येक दिवसांनी अख्खा तांब्या घटाघटा प्यायली.