राजीनामा अकराव्या पानावर

अर्जांचे नमुने फुकट देणाऱ्या एका वेबसाइटचे मालक होते रणदिवेसाहेब. इंटरनेटवर कुठलाही अर्ज शोधा, त्यांचंच पान पहिलं यायचं, म्हणून साहेबांची मान कायम ताठ. त्यांचा मंत्र एकच. "माणूस पानावर जितका रेंगाळेल, तितके आपण वर." त्यासाठी अर्ज ठेवायचा पार तळाशी, आणि त्याच्या वर 'दाखला म्हणजे काय', 'दाखल्याचे महत्त्व' असलं लांबलचक चऱ्हाट. ते चऱ्हाट वळायची मृणाल केंजळे.

एके दिवशी एका वृद्ध पेन्शनरांचा तिला फोन आला. "ताई, हयातीच्या दाखल्याचा अर्ज काही सापडेना हो. तीन दिवस वाचतोय. काल मुदतही संपली."

मृणालनं तडक जाऊन साहेबांना हे सांगितलं. "सर, अर्ज वर घेऊ या."

"तीन दिवस रेंगाळला?" साहेब खूश झाले. "याला म्हणतात यश!"

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर साहेबांच्या हातात अकरा पानं ठेवली. राजीनामा म्हणजे काय, राजीनाम्याचे प्रकार, राजीनाम्याचे महत्त्व... पाचव्या पानावर साहेब उखडले.

"अहो, पण तुमचा राजीनामा कुठंय?"

"तळाशी आहे, सर. रेंगाळा जरा. तितके आपण वर."

ऑफिसभर हशा पिकला. साहेबांनी त्याच दुपारी निमूटपणे सगळे अर्ज वर घेतले.

मृणाल मात्र जिना उतरताना हसली नाही. ते आजोबा अर्जापर्यंत पोचलेच नव्हते, आणि त्यांच्या वाटेतला शब्द न् शब्द तिनंच लिहिला होता.