आईने न पाहिलेला फुलोरा

घाटाखालच्या एका दाट जंगलात धनेश पक्ष्यांची एक आई आपल्या दोन मुलांसह राहत होती. मुलांनो, तुम्ही धनेश पाहिला आहे का? काळेपांढरे पंख आणि तोंडापुढे पिवळी, केळ्यासारखी वाकलेली भली मोठी चोच. तो उडतो तेव्हा त्याच्या पंखांचा आवाज खालच्या ओढ्यापर्यंत ऐकू जातो. माघ लागला की धनेशाची मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड लिंपून बंद करून घेते. चोच मावेल एवढी एकच फट ती ठेवते. अंडी घालणे, उबवणे, पिल्ले वाढवणे, सारे त्या अंधाऱ्या, अवघड जागेत. तिच्या पंखांची मोठी पिसेसुद्धा तिथेच गळतात आणि हळूहळू नवी येतात. पिल्ले उडण्याजोगी झाली की मगच ती लिंपण फोडून बाहेर पडते. तोवर उन्हाळा सरत आलेला असतो.

ही आई एका बेहड्याच्या झाडाच्या ढोलीत अशी अकरा वर्षे बसली होती. तिची कितीतरी पिल्ले मोठी होऊन दूरदूरच्या रानांत गेली होती. जवळ राहिली होती दोघेच. थोरला मुलगा मोठा कष्टाळू आणि धाकटी लेक मोठी हौशी.

मागच्या पावसाळ्यात मुलांचे बाबा वारले. यंदा माघ आला तेव्हा आई ढोलीत गेली नाही. ती बेहड्याच्या फांदीवर नुसती बसून राहू लागली. थोरल्याने ठरवले, आईला आता कसलेही कष्ट पडू द्यायचे नाहीत. रोज सकाळी तो लांबच्या उंबरावर जाई, घशात मावतील तेवढी पिकलेली फळे भरून आणी, ती आईपुढे फांदीच्या बेचक्यात ठेवी, "आई, पोटभर खा," म्हणे आणि लगेच उडून जाई. दुपारी आणखी एक खेप. धाकटी कधी मोरपीस आणी, कधी सापाची चकाकती कात. तीही भेट ठेवून मैत्रिणींच्या थव्यात निघून जाई. मुलांची माया खरी होती, यात शंका नाही. तरी आईची पिसे दिवसेंदिवस निस्तेज होत चालली. फळे कमी पडत असतील असे वाटून थोरला दोनाच्या तीन खेपा करू लागला.

एके दिवशी फळे घेऊन येताना त्याला बेहड्याखाली एक भेकर दिसले. पान हलले तरी पळणारे, भारी भित्रे, पण मनाचे सरळ. आज मात्र ते पळाले नाही.

"जरा थांब," भेकर म्हणाले. "तू आणतोस ती उंबरं मी खातो."

"माझ्या आईची उंबरं?" थोरला चिडला.

"ती खाली पडतात म्हणून खातो. तू निघून गेलास की ती बराच वेळ तुझ्या वाटेकडे बघत बसते. मग एखादं फळ चोचीत धरते आणि विसरते. फळ खाली येतं. आधी मला वाटलं, मलाच देते आहे. पण तिचं माझ्याकडे लक्षही नसतं. आठ दिवसांत तिने चार-पाच फळं खाल्ली असतील. मी तुला हे सांगितलं नसतं, तर ती उंबरं मला पचली नसती." एवढे बोलून भेकर झुडपात दिसेनासे झाले.

थोरला वर गेला. तेवढ्यात धाकटीही आली. तिच्या चोचीत पांगाऱ्याचे लालभडक फूल होते. ते पाहताच आईने मान वर केली.

"पांगारा फुलला?" तिने विचारले. "सगळं झाड फुललंय का? पानं गळाली असतील ना? मैना आल्या होत्या?"

"मी नीट बघितलंच नाही, आई," धाकटी म्हणाली. "फूल तोडलं आणि निघाले."

"असू दे," आई म्हणाली आणि तिने मान पुन्हा खाली घातली.

थोरल्याला अजून दोन खेपा करायच्या होत्या. पण ते "असू दे" ऐकून त्याने पंख मिटले आणि तो आईशेजारी बसला. "आई, तू पांगारा फुललेला कधी पाहिलास?"

"एकदाच. तुमचे बाबा भेटायच्या आधी. ओढ्यापलीकडे एक दरी आहे, तिथे उतारावर सगळे पांगारेच आहेत. तेव्हा मी धाकटीएवढी होते. मग दरवर्षी तो फुलायचा तेव्हा मी आत असायचे."

"मग आत तुला कळायचं तरी कसं?" धाकटीने विचारले.

"तुमच्या बाबांच्या चोचीवरून. फळं द्यायला चोच फटीतून आत यायची. चोचीवर पिवळी पूड दिसली की समजायचं, काटेसावर फुलली. लाल पाकळी चिकटून आली की पांगारा. पाकळ्या यायच्या थांबल्या की मी म्हणायचे, आता उन्हं तापली, माझ्या पिल्लांना पिसं फुटतील."

आपण त्या ढोलीत जन्मलो हे दोघांना माहीत होते. पण आपण तिथे डोळे उघडत होतो तेव्हा बाहेर सारे रान फुलले होते आणि आईने त्याकडे पाठ फिरवली होती, हे कधी त्यांच्या मनातही आले नव्हते.

"चल आई, आपण त्या दरीत जाऊ या," धाकटी म्हणाली.

"मला नाही जमायचं. बसून बसून पंख आखडलेत. आणि दादाला कामं असतात."

"माझं काम म्हणजे उंबरं आणणं," थोरला म्हणाला. "ती आपण वाटेत झाडावरच बसून खाऊ. उद्या उजाडताच निघू. फुलोरा काही थांबून राहायचा नाही."

दुसऱ्या दिवशी तिघे निघाली. थोरल्याच्या एका झेपेला आईला तीन झाडांवर विसावा घ्यावा लागे. त्याला हळू उडण्याची सवयच नव्हती. तो पुढे जाई, मागे वळून बघे, परत येई, पुन्हा पुढे जाई. शेवटी धाकटी म्हणाली, "दादा, तू आईच्या मागे राहा, म्हणजे पुढे जाणार नाहीस." तसे केल्यावर जमले. पहिल्या दिवशी ती जेमतेम ओढ्यापर्यंत पोहोचली. पण प्रत्येक विसाव्याला आई काहीतरी सांगे. या फांदीवरून तू पहिल्यांदा उडालास आणि थेट करवंदीच्या जाळीत पडलास. या जांभळीवर धाकटीने माकडाशी भांडण काढले होते. मुले हसत होती, आणि बोलता बोलता आईने सात उंबरे खाल्ली. थोरल्याने ती मनातल्या मनात मोजली होती.

तिसऱ्या दिवशी दरी आली. पलीकडच्या उतारावर लाल रंग दिसत होता, पण मध्ये टेकायला एकही झाड नव्हते. आणि वर एक मोरघार घिरट्या घालत होती. हा शिकारी पक्षी धनेशालाही धरू शकतो. आई कड्यावरच्या शेवटच्या झाडावर थांबली.

"तुम्ही दोघं जाऊन या," ती म्हणाली. "कसं दिसतं ते मला सांगा."

"सांगून भागायचं नाही, आई. तूच बघायला हवंस," थोरला म्हणाला.

"ती मोरघार एकट्यादुकट्यावर झडप घालते," आई म्हणाली. "तिघं चिकटून उडालो तर बहुधा यायची नाही. पण माझ्या हौसेपायी तुम्हाला तिच्या पुढ्यात कशी नेऊ?"

"अकरा वर्षं तू आमच्यासाठी पिसं गाळलीस," थोरला म्हणाला. "आज आमचे पंख तुझ्या दोन बाजूंना राहू देत."

आईने पंख उघडले. तिघे एकमेकांना लागून निघाली. दरीच्या मध्यावर वाऱ्याचा एक जोराचा झोत आला आणि धाकटी बाजूला फेकली गेली. मोरघारीने तेवढेच हेरले. पंख मिटून ती दगडासारखी खाली आली. थोरल्याला वळायलाही वेळ मिळाला नाही. पण आई वळली होती. ती लेकीच्या आणि मोरघारीच्या मध्ये शिरली आणि आपली भली मोठी चोच उघडून तिने असा कर्कश आवाज काढला की दरी घुमली. चोचीचा तडाखा मोरघारीच्या छातीवर बसला. मोरघार हेलपाटत बाजूला झाली आणि वर गेली ती पुन्हा फिरकली नाही.

पलीकडच्या झाडावर उतरल्यावर आई धापा टाकत होती.

"तुझे पंख आखडले होते ना?" धाकटीने विचारले.

"तेव्हा आठवलंच नाही," आई म्हणाली.

मग तिने मान वळवून उताराकडे पाहिले. पांगाऱ्यांवर एक पान नव्हते. काही फुले गळून खाली जमीन लाल झाली होती, तरी फांद्या अजून भरलेल्या होत्या. मैना, कोतवाल, बुलबुल यांची एकच गर्दी उडाली होती. चिमुकले शिंजीर फुलाफुलांत चोची बुडवत होते. आई बघत राहिली. मुले तिच्या दोन बाजूंना बसली. "तो कोतवाल बघा, मैनेला कसा हुसकावतोय," आई सांगे आणि दोघे बघत. खरे तर थोरला फुलांपेक्षा आईकडेच जास्त बघत होता. एवढे बोलणारी, एवढी हसणारी आई त्याला आजवर ठाऊकच नव्हती. ऊन कलले, पक्षी पांगले, तरी कोणी जायचे नाव काढले नाही.

फुलोरा सरेपर्यंत ती तिथेच राहिली. मग एके दिवशी सकाळी थोरला म्हणाला, "आई, आता घरी जाऊ या?"

आई समोरच्या डोंगराच्या धारेकडे पाहत होती. ती जरा घुटमळली.

"त्या डोंगरापलीकडे मी कधी गेले नाही," ती म्हणाली. "तुम्हाला वेळ असेल, तर बघावंसं वाटतं."

आईने स्वतःसाठी काही मागितलेले मुलांनी पहिल्यांदाच ऐकले.

"आहे, आई," दोघे एकदमच म्हणाली. डोंगर किती लांब आहे, हे कोणीच विचारले नाही. आईने पंख पसरले आणि ती पुढे निघाली. मुले तिच्या मागोमाग गेली.

तात्पर्य : आईने आपल्यापायी काय काय पाहायचे राहू दिले, ते तिच्याजवळ निवांत बसून विचारावे. तिला काय द्यावे हे तिथेच कळते, आणि ते देताना आपण तिच्यासोबत असलो की ती मनातली आणखी एखादी इच्छाही मोकळेपणाने सांगते.