आठवे शिफारसपत्र

रसायनशास्त्राच्या एका वृद्ध प्राध्यापकांकडे एकदा त्यांची एक जुनी विद्यार्थिनी भर दुपारी आली. हेमांगी खरात तिचे नाव. याच मुळगुंद सरांच्या मार्गदर्शनाखाली तिला डॉक्टरेट मिळून सहा वर्षे झाली होती. तेव्हापासून ती दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवीत होती. घेतलेल्या तासांचाच मोबदला. उन्हाळ्याच्या सुटीत तोही नाही. आयटीआय केलेला धाकटा भाऊ तिच्याहून अधिक कमावत असे. तो हे कधी बोलून दाखवत नसे, आणि तिला तेच अधिक लागे.

ती खुर्चीच्या कडेला टेकली. “सर, हैदराबादला दोन वर्षांची संशोधनाची जागा निघाली आहे. शिफारसपत्र हवं होतं. परवा शेवटची तारीख.”

यापूर्वी सरांनी तिला सात पत्रे दिली होती, तीही मागताक्षणी. या वेळी त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि कागद परत केला.

“आज मी पत्र लिहिणार नाही.”

“माझं काही चुकलं का?”

“दोन वर्षांनी काय करशील?”

“तोवर होईलच की कुठेतरी.”

“असं कोण म्हणालं?”

“तुम्हीच म्हणायचात, सर!” तिचा आवाज चढला. “दर वेळी. धीर धर, होईल काहीतरी. मी धरला धीर. आता सदतिसावं लागलंय मला. आणि आज तुम्ही विचारता?”

सरांनी हातातला चष्मा मिटून ठेवला. मग म्हणाले, “दुसरं काहीच हाती नाही?”

ती घुटमळली. “एका रंगाच्या कारखान्याने मला विचारलंय. सांडपाण्याच्या तपासणीचा विभाग. कायमची नोकरी आहे, पगारही बरा आहे. महिना झाला त्याला.”

“मला बोलली नाहीस.”

“कशी बोलणार? आमच्यातला अस्लम मुजावर औषधाच्या कंपनीत गेला, त्यानंतर तुम्ही प्रयोगशाळेत त्याचं नावसुद्धा काढलं नाहीत. आम्ही सगळ्यांनी पाहिलंय ते.”

सर उठले. जुन्या डायरीतून त्यांनी एक क्रमांक शोधला आणि तिच्यादेखत फोन लावला.

“अस्लम, मी मुळगुंद बोलतोय. हो, नऊ वर्षांनी. काम काही नाही रे. तू कंपनीत गेलास तेव्हा मी तुझ्याशी नीट वागलो नाही. एवढंच सांगायचं होतं.”

हेमांगीला काही उमगेना. ती पत्रासाठी आली होती, आणि हे भलतेच चालले होते. सरांनी फोन ठेवला.

“मी अकरा जणांना डॉक्टरेटपर्यंत नेलं,” ते म्हणाले. “तेवढ्या काळात आपल्या विभागात जागा भरली गेली ती एक. हे मला दिसत होतं. तरी प्रत्येकाला ‘होईल’ म्हणत राहिलो, कारण तुम्ही त्या आशेवर थांबून संशोधन करत राहिलात की माझी प्रयोगशाळा चालायची. जो गेला त्याला मी हरलेला ठरवलं. तू कारखान्यात जा, असं मी म्हणत नाही. हैदराबादही वाईट नाही. मात्र माझ्या नजरेला भिऊन काही ठरवू नकोस. तरीही पत्र हवं असेल, तर उद्या ये. देईन.”

हेमांगी निरोपही न घेता निघाली. सहा वर्षांचा राग एका दुपारी शमणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी ती पत्रासाठी गेली नाही, कारखान्यात जाऊन होकार देऊन आली. वर्गात शिकवणे सुटल्याची हुरहूर तिला पुढे कित्येक महिने छळत राहिली. परंतु कामाच्या पहिल्याच आठवड्यात सांडपाण्याच्या टाकीवरच्या कामगाराने विचारले, “मॅडम, हे पाणी ओढ्यात सोडू का?” तेव्हा ती म्हणाली, “थांबा. आधी मला तपासू द्या.” आणि तो थांबला.

दुसऱ्याला धीर धरायला सांगण्यापूर्वी, त्याच्या थांबण्यावर आपले काय चालले आहे, हे सांगणाऱ्याने स्वतःला विचारावे.