ढोलावरचे तांदूळ

"पण बुवा, पूल हलतो म्हणून तो कच्चा, असं थोडंच असतं?"

शलाका तेंडोलकर तावातावाने बोलत होती. खाडीवरचा झुलता पूल तिनेच बांधलेला. शिमग्याची पालखी आज पहिल्यांदाच त्यावरून पलीकडच्या वाडीत जायची होती. पूल झेलेल की नाही, ते तिने सांगायचं. मठातल्या गिरीबुवांनी उमेदीच्या काळात पूलच बांधले होते. त्यांनी नुसती मान डोलवावी, एवढ्यासाठी ती आली होती.

"माणसं किती?" बुवांनी विचारलं.

"दोनशे."

"कोण कधी पाऊल टाकेल, ठाऊक आहे?"

"ते कुणालाच ठाऊक नसतं! पण सगळ्यांचं मिळून पूल किती हलेल, याची शक्यता काढता येते. एकाचा धक्का दुसऱ्याचा धक्का मारून टाकतो. वारासुद्धा धरलाय मी."

हिशेब चोख होता. दुकानदाराला नाही का, कुठलं गिऱ्हाईक कधी येईल ते कळत नाही, पण दिवसाकाठी गूळ किती खपेल ते बरोबर कळतं? तसंच हे.

बुवा लंगडत उठले. दाराशी ढोल होता. त्यावर त्यांनी मूठभर तांदूळ भुरभुरले.

नुसती सरसर झाली.

मग तेच तांदूळ गोळा केले, फडक्यात बांधले, आणि वरून सोडले.

धप्प!

"दाणे तेच," बुवा म्हणाले.

शलाकाचा चेहरा उतरला... पालखी काय चालत जाते? ढोलावर नाचवतात तिला. दोनशे पावलं, एकच ठेका. तिने माणसं धरली होती. ढोल धरलाच नव्हता.

ओसरीवर रावजी मानकरी खोळंबले होते.

"रावजीकाका, पुलापुरता ढोल थांबवाल?"

"खुळी की काय, बाय? देव कधी मुकाट्यानं गेलाय? पुढचा खांदेकरी पाऊल टाकतो तसं मागे अख्खं गाव नाचतं. त्याला काय 'गप चाल' सांगू?"

"मग... होडीनेच न्या." पूल कशाला बांधला मग, हे कुणी बोललं नाही, तरी तिला ऐकू आलं.

बुवा काठीच्या आधाराने ओसरीवर आले.

मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली.

"रावजी, आज पुढचा खांदा मला द्या."

"तुम्हाला?" रावजी हसू दाबत म्हणाले, "बुवा, तुमच्या पायामागे अख्खं गाव ठेका चुकेल की हो!"

बुवांनी उपरणं खांद्यावर घडी करून ठेवलं.

"चुकू दे."