इवलीची शेपटी मिळेना

सरूमावशीच्या स्वयंपाकघरात एक भिंत.
भिंतीला एक फट.
फटीत राहायची एक पाल.
पाल होती एवढीशी. म्हणून तिचं नाव इवली.

इवली बारीक, पण शेपटी जाड. गुबगुबीत!
का बरं गुबगुबीत?
शेपटीत तिची शिदोरी होती. थंडीची शिदोरी.
थंडीत किडे मिळत नाहीत. डास मिळत नाहीत. मग इवली काय करणार? शेपटीत साठवलेलं पुरवून पुरवून वापरणार.
शेपटी आहे, तर थंडी निघते. शेपटी नाही, तर इवली उरत नाही.
असं आहे ते. गोड करून सांगता येत नाही.

शेपटीत आणखी काय होतं? मणके!
मणके म्हणजे? वाक बघू जरा. पाठीवरून बोट फिरवते हं.
टुक. टुक. टुक.
लागले? एकाखाली एक, एकाखाली एक? तेच मणके.
इवलीलाही होते. मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत. टुक. टुक. टुक.

दिवाळी झाली. थंडी येणार, येणार, आलीच.
एका सकाळी इवली ओट्यावर उतरली.
मागून आला बोका. हळू... हळू... हळू...
थप्प!
पंजा पडला शेपटीवर.
इवली घाबरली. इतकी घाबरली, इतकी घाबरली, की शेपटी सुटलीच. टक्क!
इवली भिंतीवर. शेपटी खाली. वळवळ, वळवळ, वळवळ.
बोक्यानं शेपटी हुंगली. नाक मुरडलं.
आणि तिच्यावरच बसला. फतकल मारून.

इवली म्हणाली,
"बोकोबा, बोकोबा,
माझी शेपटी मिळेना.
तुझ्या पाठीत मणके,
माझ्या पाठीत मणके,
तू तरी माझं ऐक. ऊठ ना!"

बोका म्हणाला, "मणके असतील. पण मला आहेत केस. मऊ मऊ. तुला आहेत का?"
"नाहीत."
"आणि शेपटी मी कुठे तोडली? तूच टाकलीस ना?"
बोका आणखीच ऐसपैस बसला.
"मावशी वाटीभर दूध देईल, तेव्हा उठेन. तोवर नाही."

इवली निघाली. शेपटी नाही, म्हणून तोल नाही.
सरसर, धडपड. सरसर, धडपड.
गेली मावशीकडे.

"ई! पाल!" मावशीनं केरसुणी उचलली.
इवली म्हणाली,
"मावशी, मावशी,
बोका काही उठेना,
माझी शेपटी मिळेना.
तुझ्या पाठीत मणके,
माझ्या पाठीत मणके,
तू तरी माझं ऐक. वाटी भर ना!"

मावशी म्हणाली, "मणके असतील. पण मी चालते दोन पायांवर. तू चालतेस का?"
"नाही."
"आणि शेपटी तूच टाकलीस ना? मग? तांबू दूध देईल, तेव्हा वाटी भरेन. आज काही ती दूध द्यायची नाही, सांगून ठेवते."
इवली रडवेली झाली. चुक चुक चुक!
मावशीनं ओट्यावर बोट वाजवलं. टक टक. "कृष्ण कृष्ण! बघ, पालसुद्धा चुकचुकली. म्हणजे माझं खरंच."

सरसर, धडपड. सरसर, धडपड.
इवली गेली गोठ्यात. तांबू गाईकडे.

"तांबूताई, तांबूताई,
मावशी वाटी भरेना,
बोका काही उठेना,
माझी शेपटी मिळेना.
तुझ्या पाठीत मणके,
माझ्या पाठीत मणके,
तू तरी माझं ऐक. दूध दे ना!"

तांबू म्हणाली, "मणके असतील. पण मी वासराला दूध पाजते. तू पाजतेस का?"
"नाही. मी अंडी घालते."
"अंडी! शी! आणि शेपटी तूच टाकलीस ना? मग? माझ्या अंगाला गोचीड लागलेत. खाज, खाज, खाज! बगळा गोचीड वेचेल, तेव्हा दूध देईन."

सरसर, धडपड. सरसर, धडपड.
इवली गेली तळ्यावर. काठावर उभा बगळा.
बगळ्यानं इवलीकडे बघितलं. चोच जरा उघडली.
इवली दोन पावलं मागे सरकली. मग बोलली.

"बगळेदादा, बगळेदादा,
तांबू दूध देईना,
मावशी वाटी भरेना,
बोका काही उठेना,
माझी शेपटी मिळेना.
तुझ्या पाठीत मणके,
माझ्या पाठीत मणके,
तू तरी माझं ऐक. गोचीड वेच ना!"

बगळा म्हणाला, "मणके असतील. पण मला आहेत पिसं. पांढरी पांढरी. तुला आहेत का?"
"नाहीत."
"आणि शेपटी तूच टाकलीस ना? मग? गोचीड वेचायचे, तर आधी चोच घासायला हवी. चोच घासायला हवा दगड. दगडावर बसलंय कासव. ते दगड सोडेल, तेव्हा बघू."

सरसर, धडपड. सरसर, धडपड.
कासव उन्हात बसलं होतं. डोळे मिटून.

"कासवकाका, कासवकाका,
बगळा गोचीड वेचेना,
तांबू दूध देईना,
मावशी वाटी भरेना,
बोका काही उठेना,
माझी शेपटी मिळेना.
तुझ्या पाठीत मणके,
माझ्या पाठीत मणके,
तू तरी माझं ऐक. दगड सोड ना!"

कासवानं एक डोळा उघडला.
इवलीला वाटलं, हा ऐकेल. याची कातडी आपल्यासारखी. खरखरीत. हाही आपल्यासारखा ऊन खातो. हा तर आपलाच!
कासव म्हणालं, "मणके? माझे मणके पाठीच्या ढालीला चिकटलेत. घट्ट! तुला आहे का ढाल?"
"नाही."
"ढाल असती, तर शेपटी टाकावी लागली असती का? तूच टाकलीस ना? मग? पाठीवर बेडूक बसलाय माझ्या. तो उडी मारेल, तेव्हा हलेन."
आणि कासवानं डोळा मिटला.

बेडूक तिथंच होता. धडपडायचीसुद्धा गरज नव्हती. इवलीनं फक्त मान वर केली.

"बेडूकभाऊ, बेडूकभाऊ,
कासव दगड सोडेना,
बगळा गोचीड वेचेना,
तांबू दूध देईना,
मावशी वाटी भरेना,
बोका काही उठेना,
माझी शेपटी मिळेना.
तुझ्या पाठीत मणके,
माझ्या पाठीत मणके,
तू तरी माझं ऐक. उडी मार ना!"

बेडूक म्हणाला, "डराँव! मणके असतील. पण मी पाण्यात राहतो, जमिनीवरही राहतो. तू राहतेस का पाण्यात?"
"नाही."
"आणि शेपटी तूच टाकलीस ना? मग? लहानपणी मलाही होती शेपटी. गेली. मी रडत बसलो का? डराँव! माझी कातडी सुकलीय. मासोळी पाणी उडवेल, अंग ओलं होईल, तेव्हा उडी मारेन."
इवली म्हणाली, "पण भाऊ, उडी मारलीस की अंग ओलं होईलच की!"
बेडूक म्हणाला, "आधी अंग ओलं. मग उडी. असंच असतं."

सरसर, धडपड. सरसर, धडपड.
इवली गेली अगदी पाण्याच्या कडेला.
पाण्यात होती मासोळी. तोंड उघडत होती, मिटत होती. बुड बुड बुड.

"मासोळीबाई, मासोळीबाई,
बेडूक उडी मारेना,
कासव दगड सोडेना,
बगळा गोचीड वेचेना,
तांबू दूध देईना,
मावशी वाटी भरेना,
बोका काही उठेना,
माझी शेपटी मिळेना.
तुझ्या पाठीत मणके,
माझ्या पाठीत मणके,
तू तरी माझं ऐक. पाणी उडव ना!"

मासोळी म्हणाली, "मणके असतील. पण मला आहेत कल्ले. कल्ल्यांनी मी पाण्यात श्वास घेते. तू घेतेस का?"
"नाही."
"आणि शेपटी तूच टाकलीस ना? मग? तीन डास आण. तेव्हा पाणी उडवेन."

तीन डास!
इवलीनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. एकसुद्धा डास नाही.
एक डास आला. गुणगुण. लप्प! इवलीनं धरला. पोट म्हणालं, गिळ. इवलीनं नाही गिळला. मासोळीला दिला.
दुसरा डास आला. गुणगुण. लप्प! पोट म्हणालं, गिळ ना! इवलीनं नाही गिळला. मासोळीला दिला.
तिसरा डास आला. गुणगुण. लप्प! पोट काही बोललंच नाही. इवलीनं तोही मासोळीला दिला.

मग मासोळीनं पाणी उडवलं. फस्स!
बेडकानं उडी मारली. डुबुक!
कासवानं दगड सोडला. घसर्र!
बगळ्यानं चोच घासली. खस खस. गोचीड वेचले. टिप टिप.
तांबूनं दूध दिलं. चुंय चुंय.
मावशीनं वाटी भरली. काठोकाठ.
बोका उठला. लप लप लप.

आणि सगळे इवलीला म्हणाले,
"बघ! मी होतो म्हणून झालं!"
"बघ! मी होते म्हणून झालं!"
इवलीला बोलायला वेळ नव्हता. सरसर, धडपड. सरसर, धडपड. ती आली शेपटीकडे.

शेपटी आता वळवळत नव्हती.
शेपटी अर्धीच होती.
अर्धी कुठे गेली? मुंग्यांनी नेली. बोका बसला होता ना, तेव्हाच. त्याच्या पोटाखालून. त्याला कळलंसुद्धा नाही.
मुंग्या अजून तिथंच होत्या. रांगेत.

मुंग्यांच्या पाठीत मणके नसतात. एकसुद्धा नाही.
आता इवली काय म्हणणार?
ती हळूच म्हणाली, "मुंगीताई... शेपटी माझी होती."
मुंगी थांबली. "तुझी होय? आम्हाला वाटलं, कुणाचीच नाही. घे."
इवलीला कळेना. "आधी काय आणू?"
"आधी म्हणजे?"
"दूध आणू? डास आणू?"
मुंगी म्हणाली, "तुझी आहे ना? मग घे. गेली ती अर्धी मात्र परत नाही येणार गं."
आणि मुंग्या बाजूला झाल्या. सगळ्या. एका रांगेत.

इवलीनं अर्धी शेपटी उचलली. भिंतीवर चढली. फटीत शिरली.
आणि खाऊन टाकली. मट मट मट.
हो, स्वतःचीच शेपटी. पाली खातात. शिदोरी होती ना तिची? मग पोटात गेली.
अर्धी शिदोरी, पूर्ण थंडी. इवलीनं पुरवून पुरवून वापरली.
थंडी निघाली. कशीबशी. पण निघाली.

मग इवलीला नवी शेपटी आली. आखूड. भुरकट. जराशी वाकडी.
तिच्यात मणके होते का?
नाही. नव्या शेपटीत मणके येत नाहीत. गेले ते गेले.

एका सकाळी ओट्यावर बोका आला. वर बघून म्हणाला, "अगं इवले, शेपटी आली की नवी! उगाच तेवढा गोंधळ घातलास. टाकलीस कशाला होती?"
इवली फटीतून म्हणाली, "टाकली, म्हणून मी आहे."
बोका म्हणाला, "बरं बरं. तुझ्या पाठीत मणके, माझ्या पाठीत मणके. ये ना खाली!"
इवली म्हणाली, "चुक चुक चुक."
आणि नाही आली.
मावशीनं ओट्यावर बोट वाजवलं. टक टक. "कृष्ण कृष्ण!"

बोका ओट्यावर,
इवली फटीत,
अर्धी शेपटी पोटात,
गोष्ट राहिली कानात.