बांधाखालची चूल

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. राजा कोण होता हेही आता कुणाला आठवत नाही, इतकी जुनी.

डोंगराच्या कुशीत एक तळं होतं. त्याला मातीचा भक्कम बांध होता आणि बांधाखाली दोन जमातींची शेतं होती. उजवीकडे माळकर, डावीकडे खोरकर. तळं आमच्या पूर्वजांनी बांधलं, असं माळकर म्हणत. खोरकरही तेच म्हणत. पिढ्यान् पिढ्या हेच चाललेलं. ऐकणाऱ्याचे कान किटावेत, पण बोलणाऱ्यांची जीभ काही थकत नव्हती.

थकला होता तो एकटा म्हातारा पाटकरी. आज उजव्या पाटाला पाणी, उद्या डाव्या पाटाला, हेच करण्यात त्याचा जन्म गेला होता. तो स्वतः माळकर. त्याचा मुलगा उजवीकडे नांदत होता आणि मुलगी डावीकडे, खोरकरांच्या घरात दिलेली. दोघांच्या शेताला पाणी मिळालं की म्हाताऱ्याला जेवण गोड लागे.

एका वर्षी भांडण हातघाईवर आलं. डोकी फुटली. मग दोन्हीकडच्या जाणत्यांनी ठरवलं, की एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. जो हरेल त्यानं बायकापोरांसकट गाव सोडायचं.

निवाडा कसा करायचा, तर चुलीवरून. त्या मुलखात रीतच होती, की घर असो, देऊळ असो वा बांध, बांधायच्या आधी त्या जागी तीन दगडांची चूल मांडायची, पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं आणि ती चूल तशीच मातीत गाडायची. माळकर चुलीचं तोंड उगवतीला करत, खोरकर मावळतीला. बांधाखालची चूल उकरली, की झालं.

सगळे पाटकऱ्याकडे आले. बांधाला हात लावायचा तर त्याचा होकार हवा. म्हाताऱ्यानं समजावून पाहिलं, की बांध म्हणजे पोटाशी धरलेलं पाणी आहे, त्याच्या पोटात कुदळ घालू नका. त्याच्याच मुलानं त्याला फितूर म्हटलं. जावयानं तर त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते रोज येत, रोज तेच बोलत. शेवटी म्हातारा अंगणात मटकन बसला आणि म्हणाला, "खणा बाबांनो, काय खणायचं ते खणा. मी थकलो आता."

दमलेल्या माणसाचा होकार तो. पण होकारच!

खणताना एक चूल लागली. तोंड उगवतीला. माळकर नाचले. खोरकर म्हणाले, ही नंतरची, डागडुजीच्या वेळची, अजून खाली जा. खाली दुसरी लागली, तोंड मावळतीला. आता खोरकर नाचले. मग माळकरांनी कुदळी उचलल्या. अगदी तळाशी तिसरी चूल निघाली. तिचं तोंड दक्षिणेला होतं. दक्षिणेला तोंड करून त्या दोघांपैकी कुणीच कधी चूल मांडत नसे.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथं तिसरा कधीच मरून माती झाला होता. म्हातारा मात्र चुलीकडे बघत नव्हता. चुलीच्या दगडांमधून झिरपणारं पाणी तो बघत होता. त्यानं माती टाका, माती टाका म्हणून सांगितलं, पण कुणी कुणाच्या हातात हात घालायला तयार होईना. दुपारपर्यंत बांध बसला. तळं शेतांवरून, गोठ्यांवरून, घरांवरून निघून गेलं.

मग हरलेले कोण, हे ठरवायची गरजच उरली नाही. सगळेच निघाले. चार मुक्कामांनंतर एका परक्या गावाच्या विहिरीशी पोचले. पाटलानं विचारलं, तुम्ही कोण? एकानं माळकर सांगितलं, दुसऱ्यानं खोरकर. पाटलाला त्यात काही फरक दिसला नाही.

"म्हणजे आपलं तळं आपणच फोडणारे ते तुम्हीच ना?" तो म्हणाला. "बसा त्या झाडाखाली सगळे. आमचं पाणी भरून झालं, की उरलं तर देऊ."

मुलगा आणि मुलगी एका झाडाखाली, एकमेकांना टेकून बसली. म्हाताऱ्यानं जन्मभर एवढंच तर मागितलं होतं. आता ते बघायला मिळालं, आणि त्याला रडायचंही त्राण उरलं नव्हतं.

तात्पर्य : आधी कोण आलं हेच उकरत बसलं, तर पुढे राहायला कुणालाच जागा उरत नाही.