माळाची हाळी

एका ओढ्याच्या काठी एक टिटवी राहत असे. ओढ्याच्या अलीकडे गर्द राई होती, पलीकडे उघडा माळ, आणि दोन्हींवर राज्य होते राईतल्या मोराचे. टिटवीची अंडी माळावर, गोट्यांच्या आडोशाला होती. मुलांनो, टिटवी घरटे बांधत नाही. डोळ्यांत तेल घालून राखण करते. उन्हाळ्यात माळावर वणवा लागे. तेव्हा ससे जमीन उकरून मातीचा पट्टा काढत आणि आग तिथेच अडे. पण राजाच्या हुकमावाचून कुणी मूठभर मातीही उकरायची नाही असा कायदा होता, आणि दरबारात फिर्याद चाले ती फक्त राईच्या बोलीत.

एके दुपारी माळाच्या टोकाला धूर दिसला. टिटवी जिवाच्या आकांताने दरबारात शिरली आणि माळाच्या बोलीत ओरडली, "आग लागली, महाराज! सशांना हुकूम द्या!" मोराने पोपट-प्रधानाकडे पाहिले. पोपट मान वेळावून म्हणाला, "बाई, आधी नीट बोलायला शिक, मग ये." टिटवीला राईचे दोनचार शब्द येत होते, पण त्या घाईत तेही आठवेनात. ती रिकाम्या हाती परतली तेव्हा ससे हुकमाची वाट पाहत तसेच बसले होते आणि गोटे काळे पडले होते. त्या गोट्यांत आपली अंडी कोणती, हे आईलाही ओळखता येईना. आपल्याच घरात आपले दुःख सांगायची चोरी, याहून मोठा अन्याय कोणता?

माळ पेटून उठला. ससे, चंडोल, तितर सारे दरबारापुढे जाऊन बसले. म्हातारे तितरआजोबा म्हणाले, "आमचा माळ आम्हांला द्या. तिथला कारभार आमच्या बोलीत चालू द्या." मोर हसला. "टिटवी आता समुद्र आटवायला निघाली वाटते!" पण कुणी हलले नाही. ऊन वाढत गेले. तितरआजोबांनी तिथेच प्राण सोडला, तरी कुणी हलले नाही. तेव्हा मात्र मोराची मान खाली गेली. ओढा ही सीमा ठरली, माळाचे वेगळे राज्य झाले आणि सर्वांनी टिटवीला प्रमुख केले. त्या दिवशी आनंद होता, पण सर्वांचे डोळे आजोबांच्या रिकाम्या जागेकडे वळत होते.

पुढे पावसाळ्यात टिटवीची नवी पिल्ले ओढ्याकाठच्या खोलगट जागेत खेळू लागली. तिथल्याच लव्हाळ्यांत एक पाणकोंबडी राहत असे. तिची बोली वेगळी. एक दिवस ती भिजलेली, धापा टाकत टिटवीच्या सभेत आली आणि आपल्या बोलीत काहीतरी कळवळून सांगू लागली. सभेत हशा पिकला. टिटवीही त्रासून म्हणाली, "बाई, आधी नीट बोलायला शिक, मग ये."

शब्द तोंडातून गेले मात्र, आणि टिटवीच्या काळजात चर्र झाले. हे तर पोपटाचे शब्द! पाणकोंबडी माघारी वळली होती. दरबारातून आपणही अशीच पाठ फिरवली होती, हे टिटवीला आठवले. ती धावत तिच्यापुढे आली आणि म्हणाली, "थांब गं बाई, चुकले मी. सांगता येत नसेल तर दाखव." पाणकोंबडी पुढे, टिटवी मागे. ओढ्याचा काठ ढासळत होता आणि लाल पाणी खोलगट जागेकडे सरकत होते. टिटवीने हाळी दिली. सशांनी कुणाची वाट न पाहता चर खणून पाणी वळवले आणि पाणकोंबडीने टिटवीची पिल्ले हाकत उंचवट्यावर आणली.

पिल्ले पंखांखाली घेताना टिटवीला रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी तितरआजोबांच्या जागेवर तिने पाणकोंबडीला बसवले. सभेला ती म्हणाली, "आजोबा गेले ते आपले ऐकून घेतले जावे म्हणून. दुसऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी नव्हे."

तात्पर्य : आपल्या भाषेचे राज्य मिळवणे हा हक्क आहे, पण त्या राज्यात दुसऱ्याची भाषा ऐकून घेतली, तरच ते राज्य मिळवल्याचे सार्थक होते.